घरची सरकी का चालत नाही?

सेलूच्या जिनिंगमध्ये कापूस गेला की रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे निघते. मग वर्गात एखादे मूल विचारते, "सर, आपलीच सरकी पेरली तर? दरवर्षी बियाण्याची पिशवी कशाला घ्यायची?" या एका प्रश्नाच्या आधाराने आनुवंशिकतेच्या मूळ संज्ञा शिकवता येतात, असे आम्हाला वाटते.

अमेरिकन कापसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २६ जोड्या असतात. गुणसूत्र म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनएचा लांब धागा. विशिष्ट प्रथिन कसे बनवायचे ही माहिती असलेला त्यावरचा भाग म्हणजे जनुक. जोडीतले एक गुणसूत्र मातृझाडाकडून आणि दुसरे पितृझाडाकडून येते. त्यामुळे एकाच जागी जनुकाची दोन वेगळी रूपे येऊ शकतात. या रूपांना विकल्पी, म्हणजेच अ‍ॅलील म्हणतात.

आता बीटी कापूस पाहू. भारतात त्याच्या लागवडीला २००२ साली परवानगी मिळाली. बोंडअळीला विषारी असे प्रथिन बनवणारे एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले असते. संकरित बियाण्यात ते सहसा एकाच पालकाकडून येते. जनुक असेल तर 'ब' आणि नसेल तर 'न' लिहू. पिशवीतल्या बियांची जोडी झाली 'बन'. ही जनुकविधा, म्हणजे जिनोटाइप. झाडात विष तयार होते, ही सरूपविधा, म्हणजे फिनोटाइप. एकच 'ब' पुरतो, म्हणून तो प्रभावी.

या झाडाचे स्वपरागण झाले, तर सरकीत बब, बन, नब आणि नन अशा चार जोड्या सारख्याच शक्यतेने येतात. म्हणजे सरासरी चार झाडांत एक विषाविना! उंची, बोंडांचा आकार यांचीही अशीच फाटाफूट होते आणि शेत एकसारखे राहत नाही.

वर्गात दोन डब्यांत ज्वारीचे आणि हरभऱ्याचे दाणे समसमान मिसळा. ज्वारी म्हणजे 'ब', हरभरा म्हणजे 'न'. न पाहता प्रत्येक डब्यातून एकेक दाणा काढून जोडी लिहा, दाणे परत टाका. शंभर जोड्यांत हरभरा-हरभरा साधारण पंचवीसदा येईल.

एक सावधगिरी मात्र हवी. अळी पडली म्हणजे जनुक नाही, असे समजू नये. पीक वाढते तसे झाडातले विष कमी होते. गुलाबी बोंडअळी तर आता त्याला दाद देत नाही. जनुकविधा तीच राहूनही शेतात दिसणारा परिणाम बदलतो.

सरळ वाणाच्या बहुतेक जोड्या सारख्याच असतात. म्हणून त्याचे घरचे बी चालते, संकरिताचे चालत नाही.