सही एकाची, किल्ली दुसऱ्याची

वेतनकरार झाला की कामगार पहिला प्रश्न विचारतो, सही कुणाची? मॅनेजरने सही केली आणि डायरेक्टर मंडळाची मंजुरी नसली, तर त्या कागदाची किंमत किती, हे युनियनच्या कचेरीत बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. आम्ही असेच कागद वाचत म्हातारपणाकडे आलो. तेव्हा आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पंडित नसतानाही इराणच्या अणुकराराविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करतो, कारण ती कहाणी मुळात सहीचीच आहे.

१४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्ना येथे इराण आणि सहा राष्ट्रे यांच्यात हा करार झाला. इराणने युरेनियमचे समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांपलीकडे नेऊ नये, साठा ३०० किलोच्या आत ठेवावा, तपासनिसांना दारे उघडावीत. मोबदल्यात त्याच्यावरचे आर्थिक निर्बंध उठावेत, असा हा सौदा. ३.६७ टक्के म्हणजे वीजघराच्या इंधनापुरते. बाँबला नव्वदच्या आसपास लागते.

आता निर्बंध घातले होते कुणी? त्यांतले सर्वांत जाचक अमेरिकेच्या कायदेमंडळाने, म्हणजे काँग्रेसने. डिसेंबर २०११ मध्ये सेनेटने १०० विरुद्ध ० मतांनी ठरविले की, इराणच्या मध्यवर्ती बँकेशी तेलाचा व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकेला अमेरिकेत खाते ठेवू द्यायचे नाही. पाहा ही युक्ती! इराणला न शिवता इराणच्या गिऱ्हाइकाचा गळा धरायचा. आपल्या देशालाही त्याची झळ लागली. तेलाची खरेदी कमी करावी लागली आणि किमतीचा काही भाग कलकत्त्याच्या यूको बँकेत रुपयांत भरावा लागला.

नोव्हेंबर २०१३ मध्ये जिनिव्हाला तात्पुरती तडजोड झाली, आणि लगेच डिसेंबरात मेनेंडेझ व कर्क या दोन सेनेटरांनी नव्या निर्बंधांचे विधेयक आणले. दडपण वाढवले तर इराण आणखी वाकेल, हे त्यांचे म्हणणे. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. संपाची नोटीस खिशात ठेवल्याशिवाय मालक बोलत नाही, हे आम्हीच पोरांना शिकवतो. पण बोलणी चालू असताना मागल्या दाराने टाळेबंदीची नोटीस लागली, तर समोरचा उठून जातो, हेही तितकेच खरे. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी नकाराधिकार वापरण्याची धमकी दिली आणि ते विधेयक अडकून पडले.

पुढचा डाव अधिक बारीक होता, तो सावकाश समजून घ्यावा. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे परराष्ट्राशी तह करायचा तर सेनेटची दोनतृतीयांश संमती लागते. ती मिळणार नाही हे ओबामांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी कराराला तह म्हटलेच नाही. मग मे २०१५ मध्ये काँग्रेसने कायदा केला की करार आमच्यापुढे साठ दिवस ठेवावा, आम्हाला तो नापसंत करता येईल. पण नापसंतीच्या ठरावावर राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार होता, आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते हवीत. म्हणजे जोडायला लागणारे दोनतृतीयांश आता मोडायला लागू लागले! सेनेटमध्ये हा कायदा ९८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. विरोधातला तो एकटा सेनेटर, टॉम कॉटन, करार तह म्हणूनच यावा असे म्हणत होता. करार त्याला मुळीच नको होता, पण हिशेब त्याचा बरोबर होता. १० सप्टेंबर २०१५ रोजी चर्चा संपवून ठराव मताला टाकायला साठ मते हवी होती; पडली अठ्ठावन्न. करार वाचला.

वाचला, पण कायदे जागच्या जागी राहिले. निर्बंध रद्द झाले नव्हते. राष्ट्राध्यक्षाने दर काही महिन्यांनी सही करून ते तहकूब ठेवायचे होते. याच कॉटन यांच्या पुढाकाराने ४७ सेनेटरांनी मार्च २०१५ मध्ये इराणच्या नेत्यांना उघड पत्र लिहून बजावले होते, की पुढला राष्ट्राध्यक्ष हा करार मोडू शकेल. वाटाघाटीला बसलेल्या मॅनेजरच्या पाठीमागे डायरेक्टरांनी युनियनला लिहिलेले हे पत्र समजा. डिसेंबर २०१६ मध्ये १९९६ सालच्या निर्बंध-कायद्याची मुदत आणखी दहा वर्षे वाढली; सेनेटमध्ये ९९ विरुद्ध ०. ओबामांनी सही केली नाही, तरी तो अमलात आला. ऑगस्ट २०१७ मध्ये क्षेपणास्त्रांच्या नावाने आणखी एक कायदा झाला.

मौज अशी की, ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी कराराची ग्वाही देण्याचे नाकारले, तेव्हा साठ दिवसांत निर्बंध परत लावण्याची सोपी वाट काँग्रेसपुढे मोकळी होती. काँग्रेस हललीही नाही. करार मोडल्याचे पाप कुणालाच आपल्या नावावर नको होते. ८ मे २०१८ रोजी ट्रंप स्वतःच बाहेर पडले. तहकुबी संपली, जुने कायदे जागे झाले. काँग्रेसला एकही नवा कायदा करावा लागला नाही.

मग फ्रान्सची तोताल कंपनी गॅसचे काम सोडून गेली. प्यूजो मोटारीची भागीदारी थांबली. एअरबसची शंभर विमाने ठरली होती, पोचली तीन. मे २०१९ नंतर आपल्या देशाने इराणचे तेल घेणे थांबवले. इराणनेही मर्यादा ओलांडायला सुरुवात केली आणि एप्रिल २०२१ मध्ये समृद्धीकरण साठ टक्क्यांवर नेले. जून २०२५ मध्ये इस्रायलने आणि पाठोपाठ अमेरिकेने त्या कारखान्यांवर बाँब टाकले.

औषधांना या कायद्यांत पहिल्यापासून सूट होती. परंतु औषधाचे पैसे पोचवायला बँक लागते, आणि अमेरिकेतले खाते जाईल या भीतीने बँका पुढे येईनात. तेहरानच्या रुग्णालयांत परदेशी औषधांचा तुटवडा पडला तो असा.