"सगळं पाठ आहे" हेच सर्वात महाग पडतं

रोज दुकान उघडताना चेकलिस्ट वापरा म्हटलं की एक उत्तर हमखास येतं: "सर, दहा वर्षं हेच करतोय, सगळं पाठ आहे." आज या 'पाठ आहे'बद्दलच बोलू. उदाहरण मात्र दुकानाचं नाही, विमानाचं घेऊ.

30 ऑक्टोबर 1935. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगचं 'मॉडेल 299' हे नवं बॉम्बर विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. दोघे गेले. विमान उभं असताना वाऱ्याने त्याचे हलणारे भाग आपटू नयेत म्हणून ते लॉक करतात. त्याला गस्ट लॉक म्हणतात. तो काढायचाच राहिला होता! चालवणारे अनुभवी होते, पण नुसत्या आठवणीवर भागलं नाही. या अपघातानंतर पायलटची लेखी चेकलिस्ट रूढ झाली.

आता या 31 मे 2014 ला. मॅसॅच्युसेट्समधलं हॅन्सकम फील्ड, रात्रीची वेळ, गल्फस्ट्रीम फोर हे खासगी जेट. दोन्ही पायलट अनुभवी, सुमारे 12 वर्षं एकत्र उडणारे. धावपट्टीवर वेग घेतल्यावर कळलं, लॉक लागलेलाच आहे. तेव्हाही साधारण 11 सेकंदांत विमान थांबवायचं ठरवलं असतं तर ते डांबरी भागातच थांबलं असतं. पण ब्रेक उशिरा लागले. विमान पुढच्या ओढ्यात गेलं, आग लागली, सातही जण गेले.

तपासात विमानातलीच नोंद बघितली. आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के वेळा उडण्याआधी स्टिअरिंग सगळ्या दिशांना पूर्ण फिरवून बघायची तपासणी झालीच नव्हती. अगदी काही सेकंदांचं काम! आणि लॉक लागलेला असताना थ्रॉटल पुढे जाऊच नये अशी जी सोय होती, तीही डिझाइनमधल्या उणिवेमुळे पुरी पडली नाही.

बघा, 1935 मध्ये चेकलिस्ट नव्हती. 2014 मध्ये ती होती, पण वापरली नाही. तपासणी टाळूनही काही झालं नाही की मन म्हणतं, गरजच नाही. असा प्रत्येक सुखरूप दिवस आपल्याला थोडा थोडा ढिला करतो. म्हणजे नवशिक्यापेक्षा जुन्यालाच धोका जास्त.

मग आपण काय करायचं?

1. यादी पाच-सहा मुद्द्यांचीच ठेवा. ज्याने जीव, माल किंवा गल्ला जाऊ शकतो तेवढंच घ्या: गॅसचा रेग्युलेटर, अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का, फ्रीजचं तापमान, वजनकाटा शून्यावर आहे का, एक्स्पायरी.

2. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून बघायचं. एकटेच असाल तर तापमानाचा आकडा लिहा, नुसती टिक नको. शनिवारी बसून आठवड्याच्या सगळ्या टिका एकदम मारणं म्हणजे तपासणी नव्हे.

3. महिन्यातून एकदा, न सांगता, रजिस्टर आणि प्रत्यक्ष वस्तू ताडून बघा. विमानातली नोंद अपघातानंतर वाचली गेली. आपली आधी वाचू.

4. शंका आली की काम थांबवा. गॅसचा वास आला तर "एवढी ऑर्डर काढतो आणि बघतो" चालणार नाही.

उद्या शटर उघडलं की गल्ल्याआधी अग्निशामकाकडे जा आणि काटा बघा. सुरुवात तिथून करू.