रेड हाऊस : घर आणि परिसर

इंग्लंडमध्ये तेव्हाच्या केंट परगण्यात, बेक्सलीहीथ येथे, वास्तुविशारद फिलिप वेब याने १८५९-६० मध्ये कवी व कारागीर विल्यम मॉरिस याच्याकरिता ‘रेड हाऊस’ बांधले. विटांवर गिलावा चढवून त्या दगडी भासविण्याची रीत त्या देशात रूढ होती. वेबने तांबड्या विटा उघड्याच ठेवल्या. जागा फळबागेची असल्याने शक्य तितकी झाडे राखून त्याने काटकोनी आराखडा आखला. दोन बाजूंमधील अंगणात शंकूच्या आकाराचे कौलारू छप्पर असलेली विहीर आहे. मुख्य खोल्या मात्र उत्तराभिमुख असल्याने उन्हाला मुकल्या व हिवाळ्यात गारठू लागल्या. मॉरिसने १८६५ मध्ये घर सोडले. २००३ पासून नॅशनल ट्रस्ट ते जतन करीत आहे. झाडे राखून बांधता येते, पण उन्हाची दिशाही पाहावी लागते, हे या वास्तूवरून दिसते.