कोहा: ग्रंथालये जोडणारी मुक्त प्रणाली

कोहा ही ग्रंथालयाचा रोजचा कारभार संगणकावर चालवणारी मुक्त प्रणाली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये कॅटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून कोहा लिहून घेतली गेली. जानेवारी २००० मध्ये ती तिथे सुरू झाली आणि पुढे जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली. परवाना शुल्क नाही. जाणकार हाताशी असेल तर सोर्स कोडही बदलता येतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची (एनआयसी) ‘ई-ग्रंथालय’ प्रणाली सरकारी ग्रंथालयांना विनामूल्य मिळते, पण तिचा कोड असा खुला नाही.

दाखलनोंदवही, तालिका आणि देवघेव ही कामे कोहात एकाच नोंदीभोवती फिरतात. नोंद मार्क २१ या आराखड्यात असते: १०० या क्षेत्रात लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ९५२ मध्ये प्रतीची शाखा, वर्गांक आणि बारकोड. हा आराखडा अनेक ग्रंथालयांत वापरला जात असल्यामुळे झेड ३९.५० या संकेताने दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घेता येते. इंग्रजी पुस्तकांचे काम त्यामुळे झपाट्याने उरकते. जुन्या आणि स्थानिक मराठी पुस्तकांची नोंद मात्र सहसा कुठेच तयार नसते, ती हातानेच करावी लागते. खरा खर्च इथे आहे; सर्व्हर आणि बारकोडचा खर्च त्यापुढे किरकोळ.

मराठीच्या अडचणी वेगळ्याच. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली यादी रूपांतर केल्याशिवाय शोधात सापडत नाही. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’ असते, वाचक ‘काही’ शोधतो. वसईचे लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आडनाव कोणी ‘दिब्रिटो’ लिहितो, कोणी ‘डिब्रिटो’. अशा वेळी प्रमाण नाव एक ठरवून बाकीची रूपे त्याला जोडणारी प्राधिकृत नोंद लागते. कोहात तिची सोय आहे. वेळ काढून ती करायची ग्रंथपालाने.

ग्रंथालये जोडण्याची कल्पना मुंबई परिसराला नवी नाही. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (एनसीएसटी) या संस्थेत १९९२ मध्ये ‘बोनेट’ हे मुंबईतील ग्रंथालयांचे जाळे सुरू झाले होते. वसई-विरारला तर अशा जोडणीची गरज उघड दिसते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून २००९ मध्ये महानगरपालिका झाली, पण वस्ती रेल्वेच्या एकेका स्थानकाभोवती पसरलेली. कोहाच्या एकाच मांडणीत अनेक शाखा बसतात: विरारच्या शाखेतले पुस्तक घरबसल्या राखून ठेवून वसई रोडजवळच्या शाखेतून घेण्याची सोय तिच्यात आहे. पुस्तक कोणी पोहोचवायचे, अनामत कोणाकडे राहायची, हरवल्यास भरपाई कोणी करायची, हे मात्र सॉफ्टवेअर ठरवत नाही. तो करार संस्थांनी आधी करावा लागतो, आणि तो संगणक विकत घेण्याइतका सोपा नसतो.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खालील अनुदानावर चालणाऱ्या छोट्या वाचनालयात, कोहा ज्यावर चालते ते लिनक्स सांभाळणारा माणूस मिळणे कठीण. अशा चार-पाच संस्थांनी मिळून एक सर्व्हर आणि एक तंत्रज्ञ ठेवावा, हेच व्यवहार्य. प्रणाली कोणतीही निवडली तरी करार करण्यापूर्वी ग्रंथपालाने शंभरेक नोंदी मार्क स्वरूपात बाहेर काढून, त्या दुसऱ्या प्रणालीत मराठी अक्षरांसह नीट उघडतात का ते तपासावे.