टॅब घरी द्या, पण आधी गुरुजी तयार करा

पालकहो, शाळेत टॅबवाटप झालं की गावात आनंदीआनंद असतो. हार-तुरे होतात, फोटो निघतो. पण दप्तरात यंत्र आलं म्हणजे पोरगं शिकलं असं होत नाही.

हा प्रयोग आपल्याकडं नवा नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत वीस-बावीस मुलांना छोटे लॅपटॉप मिळाले. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ही जगभरची मोहीम होती. उन्हातही वाचता येईल असा त्या यंत्राचा पडदा, आणि वीजही थोडीच लागे.

याच मोहिमेत दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. भाषा आणि गणितात मुलांची प्रगती झाल्याचं दिसलं नाही, तर्कशक्तीत मात्र थोडी दिसली. शिक्षकांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं साधारण ४० तासांचं. यंत्र घरी नेणारी मुलं निम्म्याहून कमीच. मोडलं, हरवलं तर भरपाई कोण देणार, ही धास्ती!

आता शेतीतलं बघा. नवं वाण आलं की नुसती पिशवी हातात देऊन भागतं का? पेरणीचं अंतर, खताची मात्रा, सगळं दाखवावं लागतं. म्हणून तर कृषी खात्यात १९८० च्या दशकात 'प्रशिक्षण व भेट' योजना राबवली गेली. दर पंधरवड्याला कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, मग शेतकऱ्याच्या बांधावर भेट. शाळेलाही हीच रीत हवी. एकदाच शिबिर घेऊन गुरुजी तयार होत नाहीत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक पाठ करून दाखवावा, अडलेलं सोडवावं, मग कुणीतरी वर्गात जाऊन बघावं.

तुमच्याही हातात बरंच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. वाटपाआधीच बैठकीत चार गोष्टी विचारा : गुरुजींचं प्रशिक्षण कधी आणि किती वेळा? घरी नेलेलं यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार? भारनियमनात चार्जिंग कुठं? मुलानं घरी रोज नेमका कोणता अभ्यास करायचा? उत्तरं ठरावात लिहून घ्या.

आणि यंत्र घरी आलं की कपाटात कुलूपबंद करू नका. वापरलं तरच ते कामाचं, नाहीतर धूळ खात पडलेल्या पंपासारखंच!