ग्रेट वेस्टर्नची भुयारे आणि लाल फेसाळ वाइन

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्न शहराच्या पश्चिमेस दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, ग्रेट वेस्टर्न नावाचे एक लहानसे गाव आहे. १८५० च्या दशकात सोन्याच्या शोधार्थ आलेल्या लोकांमुळे या परिसरात वस्ती झाली. जमिनीतील सोने संपत आले की खाणकामगारांची गावे ओस पडतात, हा जगभरचा अनुभव आहे. ग्रेट वेस्टर्न मात्र टिकून राहिले. याचे कारण तेथील द्राक्षमळ्यांत आणि त्या मळ्यांखाली खोदलेल्या भुयारांत सापडते.

खाणकामगारांचे कौशल्य

खाणकामगारांना मांस विकण्याचा व्यवसाय करणाऱ्या जोसेफ बेस्ट यांनी १८६५ मध्ये येथे द्राक्षाची लागवड केली. त्यांचे बंधू हेन्री यांनी लगेच पुढच्या वर्षी शेजारी स्वतंत्र मळा उभा केला. वाइन मुरण्यासाठी थंड व स्थिर तापमानाची जागा आवश्यक असते. उन्हाळा कडक असलेल्या या प्रदेशात तशी जागा जमिनीच्या पोटातच मिळणे शक्य होते. १८६८ च्या सुमारास बेस्ट यांनी काम नसलेल्या खाणकामगारांना हाताशी धरले आणि त्यांच्याकडून भुयारे खोदून घेण्यास आरंभ केला. सोन्यासाठी कुदळ चालविणाऱ्या हातांना त्यामुळे नवे काम मिळाले. पुढील अनेक वर्षे हे खोदकाम वाढत गेले आणि भुयारांची एकूण लांबी सुमारे तीन किलोमीटर झाली.

जोसेफ बेस्ट यांच्या निधनानंतर १८८८ मध्ये हान्स अर्व्हाइन यांनी हा मळा विकत घेतला. फ्रान्समधील शँपेन प्रांताच्या पद्धतीने फेसाळ वाइन तयार करण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यासाठी त्यांनी त्या प्रांतातील अनुभवी तज्ज्ञ शार्ल पिएर्लो यांना पाचारण केले. शुभ्र फेसाळ वाइनबरोबरच लाल फेसाळ वाइनही येथे होऊ लागली. लाल प्रकाराचा प्रयोग व्हिक्टोरियात १८८० च्या दशकातच सुरू झाला होता. ग्रेट वेस्टर्नने त्याला स्थैर्य व लौकिक मिळवून दिला.

१९१८ मध्ये अर्व्हाइन यांनी हा व्यवसाय सेपेल्ट कुटुंबाच्या स्वाधीन केला. १९३२ ते १९६३ या काळात येथील निर्मितीची धुरा कॉलिन प्रीस यांनी वाहिली. त्यांच्या हातच्या लाल फेसाळ वाइनच्या बाटल्या कित्येक दशके मुरल्यानंतरही जाणकारांनी वाखाणल्या.

निर्मितीची प्रक्रिया

या वाइनसाठी प्रामुख्याने शिराझ या काळ्या द्राक्षाचा उपयोग होतो. द्राक्षाचा रंग गरात नसून सालीत असतो. म्हणून लाल वाइन करताना रस सालींसह आंबविला जातो. या क्रियेला किण्वन म्हणतात. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव रसातील साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करतात. पहिल्या किण्वनात हा वायू हवेत निघून जातो आणि साधी लाल वाइन मिळते. ही वाइन लाकडी पिंपांत काही काळ मुरू दिली जाते.

यानंतर खरे वैशिष्ट्य सुरू होते. मुरलेली वाइन जाड काचेच्या बाटल्यांत भरताना तीत थोडी साखर व यीस्ट घालतात आणि बाटली घट्ट बंद करतात. आत पुन्हा किण्वन होते, पण या वेळी वायूला बाहेर जाण्यास वाट नसते. तो वाइनमध्येच विरघळतो. दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर घातल्यास बाटलीतील दाब सुमारे सहा वातावरणांइतका होतो. हा दाब मोटारीच्या चाकातील दाबाच्या दुपटीहून अधिक असतो. पूर्वी काच कमकुवत असल्यास बाटल्या फुटत व कामगारांना इजा होई.

किण्वन संपल्यावर मृत यीस्टचा गाळ तळाशी बसतो. या गाळाच्या सान्निध्यात वाइन भुयारात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे पडून राहते व तिला खोल चव येते. नंतर बाटल्या उलट्या तिरप्या ठेवून थोड्या थोड्या फिरवितात, म्हणजे गाळ मानेत जमा होतो. मान गोठवून बाटली उघडली की आतील दाबामुळे गाळाचा गोठलेला खडा बाहेर फेकला जातो. रिकामी झालेली जागा किंचित गोड वाइनने भरून बूच बसवितात. लाल द्राक्षाच्या सालीतील तुरटपणा व वायूचा चुरचुरीतपणा एकत्र आले असता चव कडवट लागण्याचा संभव असतो. हा गोडवा तो तोल सांभाळतो.

नावाचा प्रश्न

शंभर वर्षांहून अधिक काळ ही वाइन 'स्पार्कलिंग बर्गंडी' म्हणून विकली जात असे. परंतु बर्गंडी हा फ्रान्समधील प्रांत आहे आणि तेथील लाल वाइन मुख्यतः पिनो न्वार या निराळ्या द्राक्षाची असते. ऑस्ट्रेलिया व युरोपीय समुदाय यांच्यात १९९४ मध्ये झालेल्या करारानुसार अशी उसनी नावे टप्प्याटप्प्याने सोडण्याचे ठरले. तेव्हा उत्पादकांनी 'स्पार्कलिंग शिराझ' हे नाव रूढ केले. बाजारपेठ हातची जाईल अशी भीती होती. प्रत्यक्षात ग्राहकाला त्या द्राक्षाचे खरे नाव कळले आणि माल ऑस्ट्रेलियाचाच म्हणून ओळखला जाऊ लागला.

मालकी आणि वारसा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यवसाय कुटुंबाकडून मोठ्या कंपन्यांकडे गेला. २०१६ मध्ये मालक कंपनीने ग्रेट वेस्टर्न येथील वाइननिर्मिती थांबविली. सेपेल्ट ही छाप कंपनीकडेच राहिली, आणि वास्तू व भुयारे स्थानिक भागीदारांनी चालविण्यास घेऊन पर्यटकांसाठी खुली ठेवली. नाममुद्रा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते. भुयारे, जुन्या वेली आणि कारागिरांचे ज्ञान मात्र त्या भूमीशी बांधलेले असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांच्या पुढाकाराने फ्रेंच तंत्रसाहाय्यातून फेसाळ वाइनची निर्मिती सुरू झाली. तिची 'ओमर खय्याम' ही नाममुद्रा परदेशातही पोचली. पुढे ती कंपनी बंद पडली, परंतु राज्यातील वाइन उद्योगाचा पाया तिने घातला. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक संकेताची नोंदणी मिळाली. हे संरक्षण १९९९ च्या केंद्रीय कायद्यान्वये दिले जाते.

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले आहे. म्हणून या उद्योगाकडे पाहताना आरोग्याचा विचार सुटता कामा नये. त्याचबरोबर, शेतमालावरील प्रक्रिया हा ग्रामीण रोजगाराचा प्रश्नही आहे. ग्रेट वेस्टर्नच्या उदाहरणावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. गावातील उपलब्ध कौशल्य नव्या कामाला लावता येते. उसन्या नावापेक्षा आपल्या भूमीचे नाव अधिक काळ टिकते. आणि मालकी दूर गेली तरी स्थानिक लोक संघटित असतील, तर गावाचा वारसा गावातच राहू शकतो. हळद, गूळ, कोकम वा आंबा यांच्या प्रक्रियेचा विचार करणाऱ्या ग्रामपंचायतींनाही हे तितकेच लागू पडते.