मध थिजला म्हणून भेसळीचा?

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीने थंडीत मध विकला. पंधरा दिवसांत दोन बाटल्या परत! "ताई, तळाशी साखर बसलीय. पाक मिसळलाय तुम्ही." बिचारीचे डोळे भरून आले.

खरं तर मधातलं ग्लुकोजच थंडीत दाणे धरतं. मोहरीच्या मधात ते जास्त, म्हणून तो लवकर थिजतो.

जर्मनी-ऑस्ट्रियात तर याहून नवल घडतं. तिथल्या जंगलांत स्प्रूस, लार्च या झाडांवर मावा असतो. तो झाडाचा रस शोषतो आणि जादा गोडवा थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. आपल्याकडे तुडतुड्यांमुळे आंब्याची पानं चिकट होतात ना, तसंच. मधमाश्या हे थेंब गोळा करतात. त्यात कधी कधी मेलेझिटोज नावाची साखर भरपूर असते. ही साखर मावाच आपल्या पोटात बनवतो. मग मध पोळ्यातच इतका घट्ट होतो, की यंत्रात फिरवूनही निघत नाही. तिकडे त्याला 'सिमेंट मध' म्हणतात. हिवाळ्यात माश्यांना तोच खावा लागला, तर त्यांचं पोट बिघडतं. पालक मग आधीच त्या फ्रेम काढून घेतात. यात भेसळ कुठे आहे?

म्हणून मैत्रिणींनो, थिजलेला मध खोटाच असं समजू नका. पातळ राहिला म्हणजे शुद्धच, असंही नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते. थिजलेली बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर उकळू नका. आणि कष्टाने विकणाऱ्या बाईला लबाड ठरवण्याआधी जरा थांबा!